खिडकी असलेली खोली

परगावी जायचे ठरले की आधी गाडीचे तिकीट काढावे की आधी मुक्कामाची जागा पाहावी, ह्या प्रश्नावर आपल्या लोकांत फारसा खल होत नाही. तिकीट हाती आले म्हणजे अर्धा प्रवास झालाच; राहण्याचे काय, कुठेही पाठ टेकू, अशी आपली पिढीजात समजूत. वेलंकणीला किंवा जुन्या गोव्याला आपले वाडवडील गेले ते असेच गेले. चटईची गुंडाळी, सुक्या बोंबलांची पुरचुंडी आणि रोझरीची माळ एवढ्या सामानावर त्यांनी आठ-आठ दिवस काढले. त्या समजुतीला आम्ही नावे ठेवणार नाही. तिच्यामागे साधेपणा होता, काटकसर होती आणि देव कुठेतरी सोय करील हा भरवसाही होता. परंतु २०११च्या जनगणनेत ज्या महानगराची वस्ती एक कोटी चाळीस लाखांच्या घरात मोजली गेली, अशा कोलकात्यात शहात्तर वर्षांच्या आईला घेऊन जायचे, तेव्हा ‘कुठेही पाठ टेकू’ हे वाक्य आमच्या ओठांवर येईना.

आई कोणाची, आम्हा उभयतांपैकी कोणाची, हा प्रश्न आमच्या घरात बावीस वर्षांपूर्वीच मिटला आहे. तेव्हा वाचकांनीही तो विचारू नये. ४ सप्टेंबर २०१६ रोजी मदर तेरेजांना संतपद बहाल झाले, तो सोहळा आईने दूरदर्शन संचासमोर हात जोडून पाहिला आणि त्याच दिवशी जाहीर केले, की एकदा त्या माउलीच्या कबरीपाशी बसायचे आहे. त्यानंतर दोन घरे दुरुस्त झाली, एक लग्न झाले, महामारी आली नि गेली, आईचे गुडघे झिजले. इच्छा मात्र तशीच राहिली. शेवटी गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर आम्ही पंचांग व पासबुक एकाच वेळी उघडून बसलो. जाणार आम्ही चौघे: आम्ही दोघे, आई आणि अकरावीत शिकणारा आमचा मुलगा.

बातमी वाडीत पसरताच पहिला सल्ला आला तो चिठ्ठीचा. अमुक फादरांची चिठ्ठी घ्या, तमुक सिस्टर तिकडे होत्या, कॉन्व्हेंटात खोली मिळेल, पैसे पडणार नाहीत. सल्ला प्रेमाचा होता. तरीही तो आम्ही स्वीकारला नाही, आणि ह्या बाबतीत आमचे मत थोडे कडक आहे. धर्मभगिनींच्या घरातील पाहुण्यांची खोली ही ज्याला दुसरा आसराच नाही त्याच्यासाठी असते. ज्याला चार दिवसांचे भाडे जमवता येते त्याने ती अडवू नये. आपल्याकडे चिठ्ठीचे वजन फार वाढले आहे. ते थोडे उतरले तर चिठ्ठी देणाऱ्यालाही हलके वाटेल.

तारीख ठरविणे तुलनेने सोपे गेले. दुर्गापूजेत खोल्या मिळत नाहीत. नाताळात पार्क स्ट्रीटवर रोषणाई पाहायला लोटणाऱ्या गर्दीबरोबर भाडीही चढतात. संक्रांतीच्या सुमारास गंगासागरचे यात्रेकरू हावडा स्थानकापासून बाबूघाटापर्यंत पसरलेले असतात. तेव्हा संक्रांत उलटल्यानंतरचा आठवडा धरला. मदर हाऊस गुरुवारी दर्शनार्थींना बंद असते, म्हणून चार रात्रींत गुरुवार शेवटी येईल असे पाहिले. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी होई. १ नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवसांवर आले आहे. ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२०पासून बंदच आहे. साठाव्या दिवशी सकाळी गीतांजली एक्सप्रेसची चार तिकिटे मिळाली, त्यात आईला खालचा बाक मिळाला, आणि हा विषय संपला. खरा विषय पुढेच होता.

मुक्कामासाठी आम्ही बारा हजार रुपये बाजूला काढले होते. चार रात्री, दोन खोल्या, म्हणजे खोलीमागे दिवसाला दीड हजार. त्यावर कर. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा बारा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५पासून पाच टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. ह्या आकड्यात कोलकात्यात जागा मिळते, भरपूर मिळते. प्रश्न असतो कुठे, हा. हावडा पूल ओलांडला की बडाबाजार. तिथे व्यापाऱ्यांसाठीची जुनी लॉजे आहेत आणि भाडे सर्वांत कमी. सियालदह स्थानकाभोवतीही तीच तऱ्हा. तिसरा भाग सदर स्ट्रीट, मार्क्विस स्ट्रीट आणि न्यू मार्केटचा. भारतीय संग्रहालयाच्या कुशीतून निघणारी ही सदर स्ट्रीट परदेशी पाठपिशवीवाल्यांची जुनी वस्ती. ह्याच गल्लीतल्या १० क्रमांकाच्या घरात तरुण रवींद्रनाथ काही काळ राहिले होते, हे कळल्यावर आमच्यातील एकाला ती गल्ली आधीच आवडू लागली. दुसऱ्याने नकाशावर बोट ठेवून विचारले, इथून मदर हाऊस किती? दीड किलोमीटरच्या आसपास. मिडलटन रोवरचे सेंट थॉमस चर्च, जिथे सप्टेंबर १९९७मध्ये मदरचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, तेही चालत जाण्याजोगे. बडाबाजारात भाड्यात वाचणारे पैसे रोजच्या टॅक्सीत गेले असते, आणि पहाटे सहाच्या मिस्सेला आईला घेऊन निघायचे तर अंतर हाच खरा खर्च.

शिवाय मार्क्विस स्ट्रीटच्या बाजूला एक वेगळीच परिस्थिती होती. तिथली हॉटेले वर्षानुवर्षे बांगलादेशातून उपचारासाठी व खरेदीसाठी येणाऱ्या कुटुंबांवर चालत. ऑगस्ट २०२४मध्ये त्या देशात सत्तापालट झाला, व्हिसा आटले आणि खोल्या रिकाम्या पडल्या. रिकाम्या खोलीचा मालक भाड्याबद्दल मऊ बोलतो. दुसऱ्याच्या अडचणीतून आपली स्वस्ताई काढताना मनाला थोडे टोचते. तरीही आम्ही घासाघीस केली, हे लपविण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत सारे हिशेबाचे होते. हिशेबात न बसणारी गोष्ट एका जुन्या बातमीने आणली. २९ एप्रिल २०२५च्या रात्री बडाबाजारातील मेछुआ भागात अशाच एका स्वस्त हॉटेलला आग लागली आणि चौदा माणसे गेली. बहुतेकांना ज्वाळांनी स्पर्शही केला नव्हता. ती धुराने गुदमरली. तमिळनाडूतून आलेल्या एका कुटुंबातील आजोबा व दोन लहान नातवंडे त्यांत होती. मुलांचे आईवडील त्या वेळी जेवण आणायला बाहेर पडले होते. खिडक्या बुजविलेल्या होत्या, बाहेर पडण्याची दुसरी वाट बंद होती, असे नंतर वृत्तपत्रांतून पुढे आले. आजोबा आणि नातवंडे खोलीत, आईवडील जेवण आणायला. आम्ही नेमकी हीच व्यवस्था योजली होती: एका खोलीत आजी आणि नातू, दुसरीत आम्ही, आणि संध्याकाळी आईला दगदग नको म्हणून जेवण आम्ही बाहेरून आणणार.

त्याच शहरात पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्ट ह्या इमारतीला २३ मार्च २०१० रोजी आग लागली होती, त्यात त्रेचाळीस जण गेले. जिन्याने वर पळालेली माणसे गच्चीच्या कुलूपबंद दारापाशी सापडली. ती इमारत म्हणजे काही स्वस्त लॉज नव्हे, शहराच्या शोभेचा तो रस्ता. तेव्हा दोष एकट्या स्वस्ताईचा नाही, हे मान्य. पण स्वस्त हॉटेल कसे जन्माला येते ते पाहिले की भीतीचे कारण उलगडते. जुना व्यापारी वाडा असतो. मजल्यावर चार मोठ्या खोल्या असतात, त्यांच्या पडद्या घालून दहा करतात. रस्त्याकडची बाजू दोघा-तिघांच्या वाट्याला येते, उरलेल्या आंधळ्या. मग वातानुकूलन बसवतात आणि गारवा निसटू नये म्हणून असलेली खिडकीही वीट लावून बंद करतात. तळमजल्यावर गोदाम. दुसऱ्या जिन्यावर गाद्या, तुटक्या खुर्च्या, रंगाचे डबे. आग लागली की धूर वर चढतो, आणि जिना हेच त्याचे धुरांडे होते. वीज जाते, लिफ्ट अडकते. खोलीत खिडकी असेल तर माणूस दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून खिडकीशी तोंड नेऊन मदतीची वाट पाहू शकतो. खिडकी नसेल तर वाट पाहण्यापुरता वेळही त्याच्या हाती राहत नाही.

आम्ही वसईचे. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीकडे उघडणाऱ्या खिडक्यांच्या घरांत वाढलेलो. खिडकी ही भाड्याने मागून घ्यावी लागते, हे आम्हाला ह्या निमित्ताने प्रथमच कळले.

मग सुरू झाले दूरध्वनी. संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून काही कळत नाही, कारण तिथे उशा आणि फुलदाण्याच अधिक असतात. मुलाने नऊ हॉटेलांची यादी केली आणि आम्ही आळीपाळीने विचारत गेलो. भाडे किती, गरम पाणी किती वाजता, कमोड आहे का (आईचे गुडघे), दुपारी बाराला खोली मिळेल ना. इथपर्यंत पलीकडचा आवाज प्रसन्न असे. त्यानंतर आम्ही विचारायचो, खोलीला खिडकी आहे का?

पहिल्याने सांगितले, एसी आहे, खिडकी कशाला हवी? दुसऱ्याने खिडकी असल्याची ग्वाही दिली. ती कशाकडे उघडते असे विचारल्यावर म्हणाला, पॅसेजकडे. तिसऱ्याकडे मुलाने खोलीचे छायाचित्र मागवले. त्यात सुरेख निळा पडदा होता. पडदा बाजूला करून पुन्हा एक छायाचित्र पाठवता का, असे त्याने नम्रपणे विचारले, आणि त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे, त्याने पाठवले. पडद्यामागे भिंत होती, रंगवलेली. चौथ्याला आम्ही जिन्यांची संख्या विचारली. तो म्हणाला, लिफ्ट आहे. आम्ही म्हटले, जिने किती? तो म्हणाला, लिफ्ट नवी आहे. पाचवा मात्र चिडला. तुम्ही राहायला येणार आहात की अग्निशमन दलातून बोलता, असे त्याने विचारले आणि फोन ठेवला. मुलगा खूप हसला. आम्हालाही हसू आले, पण यादीत त्या हॉटेलासमोर आम्ही फुलीच मारली.

आईला हे सारे आवडत नव्हते. देवाच्या कामाला निघताना आगीचे नि मरणाचे बोलू नये, असे तिचे म्हणणे. ती जपमाळ घेऊन माजघरात जाऊन बसे. एकदा मात्र तिथूनच तिने विचारले, “त्या पोरांची आई परत आली तेव्हा काय झालं असेल रे?” तिला उत्तर देणे आम्हा कोणालाच जमले नाही. त्यानंतर तिने आमच्या फोनांना हरकत घेतली नाही.

सातव्या ठिकाणी जमले. सदर स्ट्रीटच्या एका आडगल्लीतील चार मजली हॉटेल. दुसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन खोल्या, दोन्हींच्या खिडक्या गल्लीकडे उघडणाऱ्या, गज असलेल्या परंतु एका झडपेचा गज कडी काढून उघडता येणाऱ्या. जिने दोन, एक पुढे, एक मागे. मॅनेजरने जिन्याचे छायाचित्र न मागता पाठवले, ह्यामुळे आमचा विश्वास बसला. भाडे सतराशे. आठ खोलीरात्रींचे तेरा हजार सहाशे, वर कर सहाशे ऐंशी. ठरविल्यापेक्षा दोन हजार दोनशे ऐंशी अधिक. हे पैसे कुठून काढायचे, ह्यावर आमच्यात एक संध्याकाळ बोलणे झाले. त्याचा निकाल असा, की परतीच्या प्रवासात वातानुकूलित डब्याऐवजी साध्या शयनयानातून यायचे. आईचे तिकीट तेवढे वरच्या वर्गाचे आणि तिच्यासोबत आमच्यातील एक जण. नकाशावर ही रक्कम म्हणजे एक खिडकी. घासाघीस करताना आम्ही भाड्यात बरेच सोडवून घेतले, खिडकीत काही सोडले नाही.

प्रवासाविषयी सांगण्यासारखे थोडे. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा आले. नदीखालून धावणारी मेट्रो मार्च २०२४पासून सुरू आहे, आणि मुलाला तिच्यातूनच जायचे होते. जमिनीखाली खोल असलेल्या त्या स्थानकात लिफ्ट आहे, म्हणून आईलाही ते मानवले. एस्प्लनेडला उतरून पिवळी टॅक्सी केली. गल्लीच्या तोंडाशी माणसाने ओढायच्या रिक्षा उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतल्या एकाने आईला बसण्याची विनंती केली. माणसाच्या खांद्यावर आपले ओझे नको, म्हणून तिने नकार दिला. नकार आम्हाला योग्यच वाटला. त्या म्हाताऱ्या रिक्षावाल्याला मात्र तो परवडणारा नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आईने परत फिरून त्याला चहाचे पैसे दिले. त्याने ते घेतले, पण खुशीने नव्हे.

मदर हाऊसमध्ये कबरीपाशी आई पाऊण तास बसली. आम्ही जिना चढून मदरची खोली पाहिली. १९५३पासून १९९७पर्यंत त्या तिथे राहिल्या. खोली लहान, खाली स्वयंपाकघर, त्यामुळे तापणारी, आणि पंखा नाही. दाराशी उभे असताना आमच्यातील एकाच्या मनात आले, की आपण नऊ हॉटेलांची यादी करून, झडपेच्या गजापर्यंत चौकशी करून आलो ते कोणाच्या दर्शनाला? यात्रेकरूला एवढी चिकित्सा शोभते का? परतताना ह्यावर आम्ही रिपन स्ट्रीटभर बोलत होतो. दुसऱ्याचे म्हणणे असे पडले, की त्या माउलीने तो उकाडा स्वतः होऊन पत्करला. मेछुआच्या त्या हॉटेलात राहिलेल्यांना कोणी विचारले होते? त्यांच्या खोलीची खिडकी दुसऱ्या कोणाच्या नफ्यासाठी बुजली. आपण होऊन पत्करलेली गरिबी आणि दुसऱ्याने आपल्यावर लादलेला धोका ह्यांना एकाच नावाने हाक मारता येत नाही. पहिल्याचे समाधान पूर्ण झाले असे नाही. ह्या विषयावर आमचे अजूनही एकमत नाही, आणि आम्ही ते तसेच राहू दिले आहे.

हॉटेलात पोहोचल्याच्या दिवशी सामान ठेवताच मुलाने दोन्ही जिने पाहून घेतले होते. पुढचा मोकळा होता. मागच्या जिन्याच्या वळणावर गाद्यांची चळत रचलेली, भिंतीपासून कठड्यापर्यंत. आम्ही मॅनेजरला सांगितले. माणूस सज्जन होता. त्याने लगेच दोन पोरांना हाक मारून गाद्या हलविल्या आणि चहा पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा तिथेच. पुन्हा सांगितले, पुन्हा हलविल्या. ठेवायला जागा नाही हो, तो म्हणाला, आणि ते खरेही असावे. पलीकडच्या खोल्यांतून काढलेल्या जादा गाद्या जाणार कुठे? तिसऱ्या रात्री आम्ही त्याला सांगितलेच नाही. जेवण आणून ठेवले, मुलगा आणि आम्ही मिळून एकेक गादी उचलली आणि गच्चीच्या छपराखाली नेऊन रचली. अकरा गाद्या होत्या. गच्चीच्या दाराला कुलूप नव्हते, एवढे त्या निमित्ताने कळले.

आईने तोवर स्वतःची सोय लावली होती. अंधारात दिसणार नाही म्हणून ती दारे मोजून ठेवी. खोलीतून बाहेर आले की डावीकडे तीन दारे, मग पाण्याचा पिंप, मग मागचा जिना. उजवीकडे पाच दारे, मग पुढचा. रोज रात्री रोझरी संपली की ती नातवाकडून हे म्हणवून घेई, आणि त्याने चुकून पाचच्या जागी चार म्हटले की पुन्हा पहिल्यापासून.